फलटण, देवराष्ट्रे, कराड: यशवंतरावांच्या घरच्या माणसांच्या वाटेनं

२५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला, कराडच्या प्रीतिसंगमावर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, समाधीवर फुलं वाहतात, संध्याकाळच्या बातम्यांत तेच दिसतं. आम्ही ती तारीख मुद्दाम टाळली आणि डिसेंबरात निघालो. अण्णा, आई आणि मी. अण्णांची ही इच्छा फार जुनी. ते कॉलेजात गेले ते ई.बी.सी.च्या सवलतीवर. आमच्याकडं त्याला अजून 'बाराशेचा दाखला' म्हणतात. घरचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असल्याचा मामलेदार कचेरीचा दाखला दाखवला की फी माफ. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ही सवलत सुरू झाली आणि खेड्यातली एक अख्खी पिढी तिच्यावर पदवीधर झाली. अण्णा त्यातले एक. पुढं त्यांनी सातारा जिल्हा परिषदेत कारकून म्हणून सुरुवात केली आणि तिथूनच निवृत्त झाले. ही जिल्हा परिषदही १ मे १९६२ ला, त्यांच्याच कारकिर्दीत, अस्तित्वात आली. त्यामुळं अण्णा त्यांना 'साहेब' म्हणतात ते मनापासून.

माझ्या मनात वेगळं होतं. मला साहेबांची पदं पाहायची नव्हती. मला त्यांची आई आणि त्यांची बायको कुठल्या मातीतल्या, ते पाहायचं होतं.

शुक्रवार: फलटण

पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटणला गेलो. हा माउलींच्या पालखीचा रस्ता. आई चांदोबाच्या लिंबापाशी गाडी थांबवायला लावून उतरली, हात जोडले, मगच पुढं. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यानं हा सगळा भाग हिरवागार झालाय. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी रेटत फलटणला पोचेतो दुपार झाली.

फलटण म्हणजे वेणूताईंचं माहेर. मोऱ्यांच्या घरातली ही मुलगी २ जून १९४२ ला लग्न होऊन कराडच्या चव्हाणांकडं आली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि नवरा नुकता वकील झालेला. लग्नाला दोन-सव्वादोन महिने होतात न होतात तोच ऑगस्टची चळवळ पेटली आणि नवरा भूमिगत झाला. त्याचा पत्ता लागेना म्हणून जानेवारी १९४३ मध्ये पोलिसांनी वेणूताईंनाच धरलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत. सासरी हलव्याचे दागिने घालायचे त्या दिवसांत ही पोर कोठडीत.

आईला हे माहीत नव्हतं. राममंदिराच्या आवारात बसून मी सांगत होते आणि ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अगं, पण तिचा काय गुन्हा?" गुन्हा काहीच नव्हता. नवरा हाती लागत नव्हता, एवढाच.

वेणूताई सुटल्या त्या आजारी होऊनच. पुढं त्या माहेरी फलटणला आल्या. त्यांची तब्येत बरी नाही हे कळल्यावर यशवंतराव जिवावर उदार होऊन त्यांना भेटायला इथं आले आणि इथंच पकडले गेले. तो १९४३ चा मे महिना. फलटण तेव्हा निंबाळकरांचं संस्थान. महिनोन्महिने साताऱ्याच्या पोलिसांना हुलकावणी देणारा माणूस बायकोच्या आजारपणासाठी हाती सापडला. चळवळीच्या हिशेबानं ही चूक म्हणता येईल, आणि त्यांच्या सोबत्यांतल्या काहींना ती तशी वाटलीही असेल. मला मात्र पुढचे चाळीस वर्षांचे यशवंतराव समजून घ्यायचे तर इथून सुरुवात करावीशी वाटते.

याच फलटणमध्ये आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. १९५५ च्या अखेरीस संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन तापलेलं असताना त्यांनी इथं जाहीर केलं, की महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. मराठी माणसानं हे वाक्य त्यांना बरीच वर्षं विसरू दिलं नाही. अण्णांचे वडील आंदोलनाच्या बाजूचे. त्यांनी यशवंतरावांवर तेव्हा शिव्यांची लाखोली वाहिली होती, असं अण्णा सांगतात, आणि त्याच आजोबांनी दहा-बारा वर्षांनी मामलेदार कचेरीत जाऊन बाराशेचा दाखला काढला. माझं मत विचाराल तर ते वाक्य चुकलंच. पण द्विभाषिक राज्य मनापासून चालवून, ते का टिकणार नाही हे दिल्लीच्या गळी उतरवण्याचं कामही त्यांनीच केलं, आणि १ मे १९६० चा दिवस उजाडण्यात रस्त्यावर सांडलेल्या रक्ताइतकाच नसला तरी त्या चिकाटीचाही वाटा आहे.

रात्री फलटणलाच मुक्काम केला.

शनिवार: मोगराळे घाट ते देवराष्ट्रे

सकाळी मोगराळ्याचा घाट चढलो आणि मुलूख एकदम बदलला. खाली कालव्याचं पाणी, वर माण तालुक्याचं माळरान. मेंढरं, बोरी-बाभळी आणि कोरडे ओढे. दहिवडी, वडूज, मायणी, विटा. वडूजला थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. अण्णांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा, तरी हुतात्म्यांची नावं त्यांना शाळेपासून पाठ आहेत. ती त्यांनी चप्पल काढून, एकेक करून वाचली. यशवंतराव भूमिगत राहून जी चळवळ चालवत होते ती ही. सातारा जिल्ह्यात तिचंच पुढं प्रतिसरकार झालं.

विट्याच्या बाजूला चव्हाणांचं मूळ गाव. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते, नोकरीपायी कराडला आले आणि प्लेगात गेले. यशवंता तेव्हा अगदी लहान. घरात विठाई आणि चार पोरं. विठाईंनी काही काळ पोरांना घेऊन माहेराचा आसरा घेतला. ते माहेर म्हणजे देवराष्ट्रे.

कडेगावहून आत वळलं की सागरेश्वराचे डोंगर दिसायला लागतात. गाव बागायती, ऊस आणि द्राक्षं. ज्या घरात १२ मार्च १९१३ ला यशवंतरावांचा जन्म झाला ते घाडग्यांचं, म्हणजे त्यांच्या आजोळचं घर आता स्मारक म्हणून जपलंय. लहानसं कौलारू घर. आत फोटो लावलेत, पण मी फोटो कमी आणि घरच जास्त पाहिलं. एवढ्याशा जागेत मामाचा संसार, त्यात परत आलेली बहीण आणि तिची पोरं. आपल्याकडं विधवा बहीण पोरांसकट परत आली की मामीच्या कपाळावर आठी पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. इथं तसं झालं नाही, आणि यशवंतरावांनी आजोळाचं ऋण आयुष्यभर बोलून दाखवलं.

विठाईंचं बाळंतपण अवघड झालं होतं. आजीनं सागरोबाला साकडं घातलं, यश दे म्हणून. म्हणून पोराचं नाव यशवंत. गावात ही गोष्ट अजून सांगतात. सागरेश्वराच्या देवळांच्या आवारात एका म्हाताऱ्या बाईनं आईला ती अशी सांगितली, जणू तिच्याच भावकीत मागच्या साली घडलीय. आई तिच्यापाशी बराच वेळ बसली.

सागरेश्वरचं अभयारण्य पाहायला अण्णांना कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण ते माझ्यापुढं चालले. हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. उघडाबोडका डोंगर होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी माणसं जमवून झाडं लावली, हरणं सोडली, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आम्हाला चितळांचा एक कळप दिसला, सांबर काही दिसलं नाही.

परतताना अण्णांनी विठाईंचा विषय काढला. तिरंगा लावण्याच्या, पत्रकं वाटण्याच्या धडपडीत १९३२ साली टिळक हायस्कूलच्या या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आई भेटायला गेली. सोबत शाळेचे मास्तर. माफी मागितली तर सोडून देतील, असं मास्तरांनी सुचवलं. विठाई म्हणाल्या, माफी कशाची मागायची? तब्येतीला जप, देव आपल्या पाठीशी आहे, एवढंच मुलाला सांगून त्या परतल्या. लिहिता-वाचता न येणारी बाई. दोन वेळच्या भाकरीची ददात असलेलं घर. धाकटा शिकून कमावता होईल या आशेवर थोरल्या ज्ञानोबांनी कोर्टात नोकरी धरली होती, मधले गणपतराव झटत होते. त्या घरानं माफीनामा न मागण्याचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला.

"आणि हे लोक देशासाठी त्याग वगैरे म्हणत नव्हते," अण्णा म्हणाले. "पोरगं खोटं वागलं नाय, एवढंच त्यांना पुरं होतं."

ताकारी, शेणोली करत कराड गाठलं तेव्हा अंधार पडला होता.

रविवार: कराड

पहाटेच प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून एवढा प्रवास करतात आणि इथं समोरासमोर येऊन भेटतात. मग काटकोनात वळून एकच कृष्णा पूर्वेला निघते. असा समोरासमोरचा संगम क्वचित पाहायला मिळतो. घाटावर कृष्णाबाईचं देऊळ, बाजूला बाग आणि बागेत समाधी. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि अंत्यसंस्कार इथं झाले. माणसं फिरायला आली होती. शाळेची पोरं पळत होती. समाधीपाशी एक बाई आपल्या नातवाला हात जोडायला शिकवत होती.

इथं अण्णांनी १९६५ ची आठवण काढली. त्या ऑगस्टमध्ये विठाई गेल्या. यशवंतराव तेव्हा संरक्षणमंत्री. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर नेहरूंनी त्यांना मुंबईहून बोलावून घेतलं होतं, आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य अण्णांच्या पिढीच्या तोंडी अजून आहे. आई गेल्याला पंधरवडा होतो न होतो, तोच १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानचे रणगाडे घुसले. हवाई दल वापरायचं का, हा प्रश्न घेऊन लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग त्यांच्याकडं आले. यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली. मंत्रिमंडळाची बैठक होईपर्यंत थांबले असते तर दिवस मावळला असता. त्या निर्णयाचं कौतुक पुस्तकांतून भरपूर झालंय. आईचं सुतक नुकतंच फिटलेलं असताना तो घेतलेला होता, हे मात्र कुणी म्हणत नाही. मला त्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय माणूस दिसत नाही.

'विरंगुळा' हे त्यांचं कराडमधलं घर पाहिलं. दिल्लीहून आले की इथं उतरायचे. फार वेळ नाही लागला.

आता वेणूताई चव्हाण स्मारकाबद्दल. संपूर्ण प्रवासातली ही जागा मला सगळ्यात मोलाची वाटली, आणि कराडला जाणारे बहुतेक लोक नेमकी हीच सोडतात.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस होता, एकेचाळिसावा. दोघांना मूलबाळ नव्हतं. मुख्यमंत्री, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधान इतकं सगळं पाहिलेला हा माणूस त्यानंतर फार खचला. जवळच्या लोकांनी ते लिहून ठेवलंय. पण खचलेल्या अवस्थेत त्यांनी एक काम धरलं: बायकोच्या नावानं कराडमध्ये स्मारक. स्वतःच्या नावाचं काही उभं करायला त्यांना कुणी अडवलं नसतं. त्यांनी ट्रस्ट केला तो वेणूताईंच्या नावाचा, आणि आयुष्यभर जमवलेली हजारो पुस्तकं, मानपत्रं, भेटी, कागदपत्रं तिथं दिली. आज महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याचं ग्रंथालय पाहायचं असेल तर त्याच्या बायकोच्या नावाची पाटी ओलांडून आत जावं लागतं.

पुस्तकांच्या कपाटांपुढं अण्णा हरवून गेले. इतिहास, राज्यशास्त्र, कविता, नाटकं, कादंबऱ्या. या माणसानं १९६० साली राज्य हाती येताच साहित्य संस्कृती मंडळ काढलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना त्यावर बसवलं, विश्वकोशाचं काम तिथून निघालं. हे शोभेसाठी केलेलं नव्हतं, याचा पुरावा ही कपाटं आहेत.

मी पत्रांपाशी थांबले. अर्थमंत्री आणि मग परराष्ट्रमंत्री म्हणून ते जगभर हिंडत. जिथं जात तिथून वेणूताईंना पत्र लिहीत. त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती पुढं संपादित करून छापली, त्यामुळं ती वाचायला मिळतात. मी निघण्याआधी वाचून गेले होते. त्यांत कुणाशी काय बोलणं झालं ते आहे, शहर कसं दिसलं, हवा कशी होती, जेवण कसं होतं, कुठलं नाटक किंवा संग्रहालय पाहिलं, आणि तब्येतीची चौकशी. दिवसभर वाटाघाटी करून, भोजनसमारंभ आटोपून, रात्री हॉटेलच्या खोलीत हा माणूस कराडच्या घरातल्या सुनेला जगाची बातमी द्यायला बसे. समोरचीला हे कळेल, तिला यात रस असेल, हे गृहीत धरून लिहिलेली पत्रं आहेत ती. नुसतं 'सुखरूप पोचलो, काळजी नसावी' असं लिहून भागलं असतं.

आईनं काचेतल्या वस्तू पाहिल्या आणि अण्णांना म्हणाली, "तुम्ही पाटणला असताना मला दोन ओळी लिहिल्या होत्या का कधी?"

अण्णा गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, "लिहायला पायजे होतं. तू दोन पोरं आणि आईचं आजारपण एकटीनं काढलंस, ते मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

माझ्या आठवणीत त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं. आई काही बोलली नाही, पण नंतर वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तिनं अण्णांचा हात धरला होता, गुडघे दुखतात म्हणून असेल.

सार्वजनिक कामात असलेल्या माणसाच्या घरच्यांना आपण त्याच्या फोटोतल्या कडेची माणसं समजतो. यशवंतरावांनी तसं केलं नाही. 'कृष्णाकाठ' हे त्यांचं आत्मचरित्र घ्या. त्यात १९४६ पर्यंतचं, कराड सोडून मुंबईला निघेपर्यंतचं आयुष्य आहे, आणि त्यातला केवढा भाग आई, भाऊ, मित्र आणि वेणूताई यांनी व्यापलाय! मुंबई आणि दिल्लीचे पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते, ते लिहून झाले नाहीत. सत्तेच्या वर्षांचं लिहायचं राहिलं आणि घराचं लिहून झालं. अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते आणि ती खरी आहे, कारण १९५६ ते १९८० चा आतला इतिहास त्यांच्याइतका कुणाला माहीत होता? आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले, त्या वेळी मनात काय चाललं होतं हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळायला हवं होतं. पण एकच खंड लिहून होणार होता, तर तो हाच झाला हे मला बरं वाटतं.

सोमवार: सातारा

परतीला महामार्गानं निघालो. साताऱ्यात सैनिक स्कूलच्या फाटकावरून गेलो. देशातलं पहिलं सैनिक स्कूल, १९६१ सालचं, तेही यशवंतरावांच्याच आग्रहानं झालेलं. अण्णांना जिल्हा परिषदेत जायचं होतं. त्यांच्याबरोबरचं तिथं आता कुणी नाही, पण हाताखाली लागलेला एक मुलगा आता कक्ष अधिकारी आहे. त्यानं अण्णांना खुर्ची दिली, चहा मागवला. अण्णांनी त्याला आईची ओळख करून दिली. एरवी ते 'या आमच्या मिसेस' म्हणून थांबतात. या वेळी म्हणाले, "या होत्या म्हणून मी तालुक्या-तालुक्याला फिरती करू शकलो. पूर आला की मी आठ-आठ दिवस घरी नसायचो."

त्या अधिकाऱ्यानं उठून आईला नमस्कार केला. आईनं त्याला घरी कोण कोण असतं, मुलं कितवीला आहेत आणि बायको कुठं असते ते विचारलं. ती गडचिरोलीला शिक्षिका आहे, बदली अजून झालेली नाही, असं तो म्हणाला. आई म्हणाली, "मग तिला फोन नुसता करू नका. पत्र पण लिहा."